फायबरच्या होडीचा पॅच: चिकट राहिला की सुटला, ते आधी ठरवा

१ जूनला मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढून शाकारल्या, की माझा फोन वाजायला लागतो. फोन दोनच प्रकारचे. एक म्हणजे "दोन दिस झाले, अजून हाताक लागता. हार्डनर दुप्पट घातलंय, तरी तसाच." दुसरा म्हणजे "गेल्या वर्षी मारलेलो पॅच पापडासारखो उचलून इलो." दोघांचाही पुढचा प्रश्न एकच: कुठलं रेझिन (हार्डनर घातलं की घट्ट होणारं पॅचचं द्रव्य) भारी? दुकानातून महागातला डबा आणला की काम झालं, असं सगळ्यांना वाटतं. गेल्या काही पावसाळ्यांत मी जे पॅच काढून टाकले, त्यांत रेझिनचा दर्जा हलका म्हणून फसलेले अगदी थोडे निघाले.

आधी चिकट राहणाऱ्या पॅचचं बघू, कारण घाईघाईत नासधूस तिथेच जास्त होते.

पॅचवर अंगठ्याचं नख उभं धरून जोर लावा. नख वरच्या वर घसरलं, खालचा थर दगडासारखा लागला, फक्त बोटाला गुळाच्या पाकासारखं काहीतरी लागलं, तर तुमचा पॅच ठीक आहे. नख आत रुतलं, खळगा पडला, तर माल कच्चा आहे. खात्री करायची असेल तर स्वच्छ फडक्यावर अॅसिटोन घेऊन तीच जागा अर्धा मिनिट चोळा आणि वाळू द्या. पहिल्या प्रकारात चिकटा फडक्यावर निघून येतो आणि खाली कोरडा, कडक पृष्ठभाग उरतो. दुसऱ्या प्रकारात जागा आणखी मऊ होते, फडकं ओढायला लागतं, कधी मॅटचे, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून थर देतात त्या काचतंतूंच्या चटईचे, धागे वर येतात. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांनी पहिल्या प्रकारचा चांगला पॅच 'कच्चा' समजून ग्राइंडरने उडवलेला असतो.

वरचा चिकटा हवेमुळे राहतो. पॉलिस्टर रेझिन हार्डनरमुळे घट्ट व्हायला लागतं तेव्हा त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जात असतात. हवेतला ऑक्सिजन वरच्या थरातली ही जोडणी मधेच तोडतो. खालचा माल हवेपासून झाकलेला असल्यामुळे पुरता पिकतो आणि वरचा केसभर थर अर्धवट राहतो. थरावर थर चढवायच्या रेझिनमध्ये हे मुद्दाम तसंच ठेवलेलं असतं, कारण त्या चिकट्यावर दुसऱ्या दिवशी मॅटचा पुढचा थर टाकला तर तो खालच्यात एकजीव होतो. म्हणजे काम चालू असेपर्यंत चिकटा आपला मित्र. शेवटच्या थरावर मात्र तो नको. तिथे दोन उपाय. शेवटच्या हातात मेण मिसळलेलं रेझिन वापरायचं. बाजारात स्टायरीनमध्ये (पॉलिस्टर रेझिन पातळ ठेवणाऱ्या द्रवात) विरघळवलेलं पॅराफिन मेण मिळतं, ते डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घालायचं. माल घट्ट होताना मेण वर तरंगून येतं आणि हवा अडवतं. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: ओल्या थरावर मायलारचा, म्हणजे गुळगुळीत प्लॅस्टिकचा, कागद पसरायचा आणि रबरी पट्टीने हवा बाहेर काढायची. जुन्या प्रोजेक्टरच्या ओएचपी शीटाही चालतात. माझ्याकडे एका शाळेच्या अडगळीतून आणलेला गठ्ठा आहे, त्यातल्या काहींवर अजून समीकरणं दिसतात. दुसऱ्या दिवशी शीट ओढली की पॅच आरशासारखा निघतो.

मेणाचं एक पथ्य आहे. मेणाच्या थरावर पुन्हा काही चढवायचं असेल तर आधी अॅसिटोनने पुसा, मग घासा. पुढच्या वर्षी सुटणाऱ्या पॅचांतले बरेच या मेणाच्या पापुद्र्यावर बसवलेले असतात.

आता खरा कच्चा माल. इथे मी चार-पाच गोष्टी विचारतो आणि बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच उत्तर सापडतं.

पहिली: कोबाल्ट घातलं होतं का? हार्डनर एकटा काही करत नाही. नेहमीच्या तापमानाला तो फुटून काम सुरू करायला त्याला कोबाल्ट लागतं, तोच तो जांभळा अॅक्सिलरेटर. काही रेझिनमध्ये कोबाल्ट कारखान्यातच मिसळलेलं येतं, काहींत नसतं आणि दुकानदार छोट्या बाटलीत वेगळं देतो. डबा बदलला, दुकान बदललं की घोळ होतो. दोन वर्षांपूर्वी एका नाखव्याने फोन केला की तीन दिवस झाले, होडीतला माल अजून वाहतोय. जाऊन पाहिलं तर जांभळी बाटली सीलबंद, टोपलीत जाळ्याच्या दोऱ्याखाली. दुकानदाराने दिली होती, पण आदल्या वर्षीच्या रेझिनला ती लागली नव्हती, म्हणून यंदाही नाही लागणार असं गृहीत धरलं. उलटही होतं. आधीच कोबाल्ट असलेल्या रेझिनमध्ये आणखी घातलं तर ब्रश उचलेपर्यंत डब्यात दही लागलेलं. डब्यावर वाचा, नाही कळलं तर दुकानदाराला विचारा आणि तरीही कपात चाचणी घ्या. ती कशी घ्यायची ते पुढे सांगतो.

इथेच एक इशारा, आणि हा मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी देतो. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, एका भांड्यातही नाही, एकाच ढवळणीनेही नाही. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पुरतं ढवळायचं, मग हार्डनर. आणि हार्डनर मोजताना चष्मा हवाच. डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून साध्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट डॉक्टरकडे जायचं. हार्डनर त्याच्या मूळ प्लॅस्टिकच्या बाटलीतच ठेवा, उन्हापासून लांब. गंजक्या पत्र्याच्या किंवा पितळी भांड्यात तो आपोआप फुटायला लागतो.

दुसरी गोष्ट: मोजलं कशाने? "एका डब्याला दोन झाकणं" हे आमच्या किनाऱ्यावरचं सर्वमान्य माप. झाकण कुणाचं पाच मिलीचं, कुणाचं दहाचं, आणि डब्यात रेझिन किती उरलंय ते कोण बघतो? नेहमीच्या पॉलिस्टरला हार्डनर वजनाच्या १ ते २ टक्के. एक किलो रेझिनला दीड टक्का म्हणजे १५ मिली. दोनशे ग्रॅमला ३ मिली. मेडिकलच्या दुकानात पाच मिलीची सिरिंज काही रुपयांना मिळते, किराणा दुकानातला छोटा डिजिटल काटा मिळाला तर उत्तमच. एक टक्क्याच्या खाली गेलात तर माल अर्धवट पिकून थांबतो आणि पुढे महिनाभर ठेवलात तरी तिथेच राहतो. तीन टक्क्यांच्या वर गेलात तर आधी झपाट्याने तापतो, पण हार्डनरच्या बाटलीत निम्म्याच्या आसपास नुसतं पातळ तेलकट द्रव्य असतं, ते आत अडकून राहतं आणि पॅच रबरासारखा लवचीक होतो. म्हणून "दुप्पट घातलंय, तरी तसाच" यात मला नवल वाटत नाही.

तिसरी: रेझिन पातळ करायला अॅसिटोन किंवा थिनर घातलं का? सगळे "नाही" म्हणतात. मग डब्याशेजारची अर्धी बाटली दाखवली की "जरासं" म्हणतात. अॅसिटोन ब्रश धुवायला आहे. रेझिनमध्ये गेलं की ते पिकण्याच्या मधे येतं, उडून जाताना बारीक छिद्रं ठेवतं आणि त्या छिद्रांतून समुद्र आत शिरतो. रेझिन खरंच जाड झालं असेल तर थोडं स्टायरीन चालतं, पण डब्यातलं रेझिन मधासारखं तारा काढायला लागलं असेल तर ते जुनं झालं आहे. पत्र्याच्या शेडमध्ये मार्च-एप्रिल-मे काढलेला डबा तारखेच्या आधीच म्हातारा होतो. तो फेकायचा.

चौथी: मॅट कुठे ठेवली होती? जुलैत सकाळी शेडचे खांबसुद्धा घामेजलेले असतात. उघड्यावर ठेवलेली मॅट हातात कोरडी लागते आणि तिच्यात ओल असते. ओल असली की माल दुधट दिसतो आणि उशिरा पिकतो. मी मॅटचे तुकडे कापून आदल्या रात्री एका पत्र्याच्या पेटीत ६० वॅटचा जुना बल्ब लावून ठेवतो. काम सुरू झालं की एकेक काढायचा. घरी हसतात, म्हणतात अंडी उबवतोय. काळ्या रंगाचं पिगमेंट घातलं असेल तर तेही पिकणं मंद करतं, तेव्हा काळ्या पॅचला थोडी सबुरी ठेवा.

आणि कपाची चाचणी. कामाच्या जागी, कामाच्या वेळी, १०० ग्रॅम रेझिन कागदी कपात घ्या, ठरवलेलं कोबाल्ट आणि दीड मिली हार्डनर घाला, घड्याळ लावा. काडीने उचलल्यावर मालाची तार तुटायला लागली आणि साय आली तर माल जेल झाला. मला तो क्षण २० ते ३० मिनिटांत हवा असतो, म्हणजे दोन-तीन थर रोलरने बसवून हवेचे फुगे काढायला सवड मिळते. कप मात्र थरापेक्षा लवकर जेल होतो, कारण ढिगात उष्णता साचते. तेव्हा कपात २० मिनिटं आली तर होडीवर थोडी जास्त मिळतील. मे महिन्यात दुपारी ३४ अंशांत घेतलेली चाचणी जुलैतल्या २६ अंशांच्या सकाळी उपयोगाची नाही. ती त्या दिवशीच घ्यायची, आणि त्यात तुमचा अख्खा दिवस वाचतो.

उरलेला कप मॅटच्या ढिगाऱ्यावर ठेवू नका. मोठा गोळा पिकताना धूर काढतो. वाळूत ठेवा. याच कारणाने एका दमात तीन-चारपेक्षा जास्त थर चढवायचे नाहीत. उष्णता आत कोंडली की पॅच पिवळा पडतो, तडकतो, आणि आम्ही म्हणतो माल फुटला.

कच्च्या पॅचचं आता काय करायचं? माल जेल झाला आहे पण नख रुततंय, तर आधी ऊब द्या. दोन हॅलोजन बल्ब हातभर अंतरावर लावा, तळहात आरामात टेकेल इतकंच तापू द्या, तीन-चार तास. बरेच पॅच असे सावरतात. दोन दिवसांनंतरही माल वाहत असेल किंवा च्युइंगगमसारखा असेल, तर तो पिकणार नाही. वरून ब्रशने हार्डनर फासणं हा एक लोकप्रिय उपाय आहे आणि तो व्यर्थ आहे, कारण हार्डनर आत शिरत नाही, वर कवच धरतं आणि खालचा लगदा कायमचा कोंडला जातो. खरवडा, अॅसिटोनने पुसा, घासा, नव्याने करा. मनाला लागतं, पण अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता सुटणारे पॅच, आणि इथे मी एकाच होडीची गोष्ट सांगतो.

देवगडजवळच्या एका नाखव्याची आउटबोर्डची फायबर होडी, चोवीस फूट. दररोज वाळूवरून ओढायची, त्यामुळे तिचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, मागच्या टोकाला झिजून उघडा पडलेला. सलग तीन पावसाळे तिथे पॅच मारला आणि तिन्ही वेळा डिसेंबरपर्यंत उचलून आला. दरवर्षी रेझिन बदललं, तिसऱ्या वर्षी सगळ्यात महागातलं. चौथ्या वर्षी ते नाखवे काका माझ्याकडे आले ते सुटलेला पॅच गोणपाटात गुंडाळून घेऊन. मला त्याचाच उपयोग झाला. सुटलेला पॅच उलटा करून बघायचा असतो. खालच्या बाजूला होडीच्या जुन्या थरातले फाटलेले धागे चिकटून आले असतील, तर पकड चांगली होती आणि जुना थरच कुजलेला होता. काकांच्या पॅचची खालची बाजू गुळगुळीत होती. तिच्यावर निळ्या रंगाचा जुना पेंट शिक्क्यासारखा उमटलेला, आणि कडेला मिठाचे पांढरे कण. म्हणजे पॅच होडीला चिकटलाच नव्हता. तो रंगाला चिकटला होता, आणि रंग होडीला.

होडीवर रुपयाचं नाणं टकटक वाजवत गेलो. चांगल्या जागी आवाज खणखणीत, पठाणाच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागी भद्द. तेवढं सगळं ग्राइंडरने काढलं, चाळीस नंबरच्या पेपरने, धागे पांढरे स्वच्छ दिसेपर्यंत. कडा उतरती घासायची असते. जाडीच्या बारा पट रुंद उतार हे जुनं माप आहे आणि मी ते पाळतो: तळ ६ मिमी असेल तर भोवती ७२ मिमीचा उतार. लोक आळस करतात तो इथे, कारण भोक बशीएवढं आणि घासायचं ताटाएवढं. घासल्यावर धूळ झटकायची, आधी गोड्या पाण्याने धुवायचं आणि पुरतं वाळू द्यायचं, मगच अॅसिटोन. मीठ आत राहिलं तर ते पाणी ओढत राहतं. (फायबरच्या धुळीची खाज ज्यांनी भोगली आहे त्यांना सांगायला नको. नवख्यांसाठी: मास्क, पूर्ण बाह्या, आणि पहिली आंघोळ थंड पाण्याने.)

वाळलं की नाही हे हाताला कळत नाही. घासलेल्या जागेवर फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवतो. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर होडी अजून घामाघूम आहे. काकांच्या होडीला ताडपत्रीच्या तंबूत हॅलोजन आणि पंखा लावून नऊ दिवस लागले. ते रोज सकाळी येऊन कागद बघायचे आणि माझ्याकडे बघायचे.

रेझिन कुठलं, ते आता. होडी मुळात बहुधा साध्या पॉलिस्टरची, ज्याला दुकानात जीपी म्हणतात. पाण्याच्या वरच्या भागाला, आतल्या बाजूच्या खणांना, बसायच्या फळीला जीपीच पुरे. पाण्याखाली मी आयसो (आयसोफ्थॅलिक पॉलिस्टर) वापरतो, कारण ते पाणी कमी शोषतं. जिथे वाळूची ठोकर रोज बसते किंवा तळावर फोड आलेत, फोडले तर आंबूस वासाचं पाणी येतं, तिथे व्हिनाइल एस्टर परवडत असेल तर घ्या. त्याची पकड आणि चिवटपणा पॉलिस्टरच्या वर. मागच्या फळीतलं प्लायवुड किंवा कुठलंही लाकूड जोडायचं असेल तर इपॉक्सी, कारण पॉलिस्टर लाकडाला मनापासून धरत नाही. काकांच्या पठाणाला व्हिनाइल एस्टरचे सहा थर दिले, तीन आज, तीन उद्या. ४५० ग्रॅमची मॅट एक थर साधारण एक मिमी देते आणि आपल्या वजनाच्या सव्वादोन-अडीच पट रेझिन पिते, त्या हिशेबाने माल आधीच तोलून ठेवला.

इपॉक्सीबद्दल तीन सवयी मोडायला लागतात. एक, तिथे हार्डनर वाढवून घाई करता येत नाही. दोन भागांचं प्रमाण ठरलेलं असतं, १००ला १० म्हटलं की १००ला १०, वजनानेच. जास्त घातलेला भाग न जुळता आत तसाच पडून राहतो. दोन, साधी चॉप मॅट इपॉक्सीत नीट बसत नाही. तिचे धागे बांधणारा डिंक स्टायरीनमध्ये विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून मॅट कडक राहून वळणावर उभी राहते. विणलेलं कापड घ्या. तीन, पॉलिस्टरवर इपॉक्सी छान बसतं, इपॉक्सीवर पॉलिस्टर किंवा जेलकोट (होडीचा बाहेरचा रंगीत रेझिनचा थर) नाही. एकदा त्या वाटेला गेलात की पुढची दुरुस्तीही इपॉक्सीनेच करायची आणि वरून ऊन लागू नये म्हणून पीयू (पॉलियुरेथेन) पेंट द्यायचा, नाहीतर ते खडूसारखं भुरभुरतं.

पावसाळ्यात इपॉक्सीवर साबणासारखी बुळबुळीत साय येते. दमट हवेमुळे हार्डनरमधला अमाइन वर येऊन ती बनते. लोक ती अॅसिटोनने पुसतात आणि फक्त पसरवतात. ती पाण्यात विरघळते. साधं पाणी, भांडी घासायची हिरवी घासणी, मग कोरडं फडकं, मग पेपर. संध्याकाळी दव धरायच्या वेळी इपॉक्सीचा शेवटचा हात मारूच नका, सकाळी अकराच्या पुढे मारा.

पॅच झाला की होडी लगेच लोटायची घाई नारळी पौर्णिमा जवळ आली की सगळ्यांनाच होते. निदान आठवडाभर सुकी राहू द्या. पॅचला नाक लावलं आणि अजून रेझिनचा उग्र वास येत असेल तर आणखी दोन दिवस बल्ब लावा. काकांची होडी ऑगस्टमध्ये पाण्यात गेली. ती ओढायची त्या जागी आता त्यांनी वाळूत नारळाचे ओंडके आडवे टाकलेत. डिसेंबरात मी सहज गेलो तेव्हा ते स्वतःच खिशातून नाणं काढून पठाणावर टकटक करून दाखवत होते, आणि शेजारचा होडीवालाही आपली होडी वाजवून बघत होता. तिचा आवाज मला काही बरा वाटला नाही.